अडलेल्या शब्दाचा उन्हाळा

परवा सकाळी गव्हाची पोती आली. दरवर्षी एप्रिलमध्ये येतात तशीच. इंदूरजवळच्या देपालपूरकडचा तोच शेतकरी, तीच लोडिंग रिक्षा आणि जिन्यात सांडलेले चार दाणे. आईनं पोत्याची शिवण उसवली, ओंजळभर गहू हातात घेऊन त्यावर फुंकर मारली आणि ती कोरडी, किंचित गोडसर धूळ माझ्या नाकात शिरली. मी आता एकोणतीस वर्षांची आहे, स्पीच थेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांना मोकळं बोलायला मदत करते. पण गव्हाच्या धुळीला हे कुणी सांगितलेलं नाही. तिच्या लेखी मी अजून बावीस वर्षांची आहे आणि खोटं बोलून घरी आलेली आहे.

त्या वर्षी मी पुण्याहून शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन आले, असं घरी सगळ्यांना वाटत होतं. लेखी पेपर दिले होते, ते खरं. प्रात्यक्षिक परीक्षा मात्र मी अर्ध्यात सोडून उठले होते. बाबा स्टेशनवर घ्यायला आले होते. "कशी गेली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "छान." एवढाच शब्द. पुढचा महिनाभर तो शब्द मला पोसावा लागला.

झालं होतं ते सांगायला गेलं तर अगदी लहान. समोर पाच वर्षांची मुलगी, शेजारी परीक्षक बाई आणि माझ्या हातात चित्रांची कार्डं. मुलीला चित्र दाखवायचं, ती काय म्हणते ते लिहायचं. एका कार्डावर झाडावर चढणारी खार होती. मुलगी गप्प बसली, म्हणून मी तिला चुचकारलं, "बघ, गिलहरी कशी पळून राहिलीय!" मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तिच्यापुढे एकदम दुसरंच कुणी येऊन बसलं असावं. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "खार," त्या म्हणाल्या. "खार म्हणतात मराठीत. आणि पळून राहिलीय म्हणजे काय? तुम्ही कुठल्या?"

"इंदूरची."

"मग आधी स्वतःची भाषा तपासून घ्या. मुलांची नंतर तपासा."

त्या ओरडल्या नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्या जागी त्या चूकही नसतील. पण माझ्या बोटांना मुंग्या आल्या, कानांत कूलरसारखी घरघर सुरू झाली आणि पुढचं कार्ड उचललं तर त्यावरच्या वस्तूचं नावच येईना. कुठल्याच भाषेत येईना. छत्री होती ती. मी छत्रीकडे बघत बसले आणि मग उठून बाहेर गेले.

आता वाटतं, ते त्या एका वाक्यानं झालं नव्हतं. ते चार वर्षं साठत आलं होतं, कदाचित त्याच्याही आधीपासून. इंदूरच्या शाळेत मी "आमटी" होते. डबा उघडला की मुली म्हणायच्या, "तुम मराठी लोग दाल में भी शक्कर डालते हो ना?" तेव्हा वाटायचं, काही हरकत नाही, आपली माणसं तिकडे आहेत. बाबा नेहमी सांगत, "आपण मूळचे साताऱ्याकडचे. संस्थानच्या फौजेबरोबर इकडे आलो." जणू गेल्याच आठवड्यात आलो. अठराव्या वर्षी मी पुण्याला निघाले, तेव्हा आपण घर सोडतोय असं मला वाटलंच नाही. उलट घरी चाललोय असं वाटलं. पहिल्याच दिवशी मेसमध्ये मी विचारलं, "आज सब्जी काय आहे?" आणि टेबलावरच्या सगळ्या हसल्या. वाईट मनानं नाही. त्या मला जीवच लावत होत्या. पण त्या दिवसापासून मी हॉस्टेलची "इंदोरी भिया" झाले; इंदूरकडे भैयाला भिया म्हणतात, तेच. मी तोंड उघडायची वाट बघणारी माणसं आजूबाजूला असली की प्रत्येक शब्द बाहेर पडायच्या आधी आत तपासून घ्यावा लागतो. हा मराठी की हिंदी? हा पुल्लिंगी की नपुंसकलिंगी? एवढी झडती झाल्यावर बोलायचं काय होतं तेच निसटून जातं. दुसऱ्या वर्षी मी बाबांच्या त्या मूळ गावीही एकटी जाऊन आले. पारावर बसलेल्या दोघांना आमचं आडनाव सांगितलं. त्यातले एक आजोबा बराच वेळ आठवत राहिले आणि मग आदरानं म्हणाले, "तुम्ही मध्य प्रदेशच्या का? हिंदी चांगलं बोलत असाल." मी परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले आणि ही गोष्ट बाबांना कधीच सांगितली नाही.

तर तो एप्रिल. खालच्या खोलीत गहू पसरलेला. आई आणि मी समोरासमोर बसून निवडत होतो. खडे एका बाजूला, गवताची बी एका बाजूला. दुपारची लू खिडकीच्या फटींतून शिटी वाजवत यायची. मी मान वर करत नव्हते. आई विचारायची, "काही बोलत का नाहीस गं? थकलीस का?" मी म्हणायची, "हूं." बाबा शेजारच्यांना सांगत होते, "आमची कन्या आता डॉक्टरीणच झाली समजा." ते ऐकू आलं की मी निवडलेलीच मूठ पुन्हा निवडायला घ्यायची. निकाल मेच्या शेवटी लागणार होता. तोपर्यंत सांगायला हवं होतं. रोज सकाळी मी ठरवायची, आज. आणि रोज गहू निवडून व्हायचा आणि ते राहून जायचं.

"घरी बसून काय करतेस?" शेवटी आईच म्हणाली. "परदेशीपुऱ्यात सोनी मॅडमचं स्पीच थेरपीचं सेंटर आहे. जा तिकडे. एक्स्पीरियन्स मिळेल."

नाही म्हणायला कारण नव्हतं. सोनी मॅडम पन्नाशीच्या, इंदूरच्याच, हिंदी आणि माळवी बोलणाऱ्या. जुन्या गिरणीच्या मागच्या गल्लीत, एका होजिअरीच्या कारखान्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खालून शिवणयंत्रांचा आवाज सतत वर यायचा. मी त्यांच्याजवळ बसून टिपणं काढायची, मुलांना खेळणी द्यायची, हिंदीत बोलायची. हिंदीत मला काही होत नव्हतं. आठवडाभरानं मॅडम चहा ओतता ओतता म्हणाल्या, "बेटा, तुम सुनती बहुत अच्छा हो. पर ये सुनना नहीं है, छुपना है." त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मग एका दुपारी ओंकार आला. हे त्याचं खरं नाव नाही, ते मी बदललंय; खरं लिहू का, असं विचारलं तेव्हा मात्र तो म्हणाला, "नाम क्या, फोटो भी छाप दो." तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. लग्नांत, दुकानांच्या उद्घाटनांत माइक घेऊन बोलणं हा त्याचा धंदा. केसांना जेल, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, मैं दो घंटे नॉनस्टॉप बोल सकता हूँ. पब्लिक सीट से उठती नहीं. बस घर में हकलाता हूँ. सिर्फ़ मराठी में."

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ये मराठी है. इससे मराठी में बात करो."

मी मराठीत विचारायचं होतं, त्यानं मराठीत उत्तर द्यायचं होतं. खालची यंत्रं घरघरत होती. शेवटी मीच म्हटलं, "घरी कोण कोण असतं?" त्यानं तोंड उघडलं, हनुवटी थरथरली, मानेची शीर ताठ झाली. "ब... ब... ब..." आणि डोळे घट्ट मिटले. 'बाबा' हा शब्द होता तो. जगातला सगळ्यात सोपा शब्द. मला तो त्याच्या तोंडात दिसत होता. हात घालून बाहेर काढावा असं वाटत होतं. मॅडमनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. थांब, असा त्याचा अर्थ होता. पुस्तकातही हेच लिहिलं होतं, मी त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहून आले होते. पण समोरचा माणूस गुदमरत असताना थांबणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

त्याचे बाबा कर्णिक सर. मराठी माध्यमाच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं मराठी शिकवलेले. शाळेत मुलंच येईनाशी झाली, तसे एकेक वर्ग बंद होत गेले. सर निवृत्त झाले आणि त्यांच्यामागे तो विषयही गेला. आता मेच्या मध्यावर माजी विद्यार्थी त्यांचा सत्कार करणार होते आणि मुलानं दोन मिनिटं बोलावं, अशी सरांची इच्छा होती. इच्छा म्हणजे हुकूमच. "म... माझा मुलगा लोकांच्या लग्नांत बोलतो, माझ्या सत्कारात नाही बोलणार?" हे ओंकारनं सरांच्या सुरात म्हणून दाखवलं. नक्कल करताना तो जवळजवळ अडखळत नव्हता.

मॅडमनी सरांना बोलावून घेतलं. पांढरा शुभ्र झब्बा, खिशाला पेन. सर हिंदी उत्तम जाणत होते, पण बोलत नव्हते आणि आपल्याशीही मराठीतच बोलावं असा त्यांचा आग्रह होता. म्हणून मॅडमचं म्हणणं त्यांना मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. ओंकारला विचारलं होतं तेवढं सोडलं, तर महिन्याभरात कुणा परक्या माणसाशी मी मराठीत पूर्ण वाक्य बोलले नव्हते. मनात जुळवून घेतलं आणि म्हटलं, "सर, तो अडला की तुम्ही त्याचा वाक्य पूर्ण करू नका."

"त्याचं वाक्य," सर म्हणाले. "वाक्य नपुंसकलिंगी आहे."

रागानं नाही. सवयीनं. दाराची कडी लावावी तसं. पण माझ्या कानांत ती घरघर सुरू झाली. बोटं बधिर झाली. "एक मिनिट," म्हणून मी उठले आणि मागच्या लोखंडी जिन्यावर जाऊन बसले. जिना उन्हानं तापला होता. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. आपण इथेच मरणार, परदेशीपुऱ्यात, होजिअरीच्या कारखान्यामागे, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

थोड्या वेळानं मागे कुणीतरी येऊन बसलं. ओंकार होता. पाण्याची बाटली माझ्या बाजूला ठेवून म्हणाला, "आपको भी होता है?"

मी मान हलवली.

"मराठीत?"

"मराठीत." आणि मग जे घरी कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी मुलाला सांगून टाकलं. खार, गिलहरी, छत्री, सगळं. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, जसं तोंडात येईल तसं. तो हसला नाही. फक्त म्हणाला, "म... मला एक कळत नाही. ज्यांच्यासमोर हिंदी बोलायची, ते म्हणतात तू मराठी. ज्यांच्यासमोर म... म... मराठी बोलायची, ते म्हणतात तू हिंदी. मग आपण नेमके आहोत कोण यार?" त्याला हे बोलायला बराच वेळ लागला. मी मधे एकही शब्द दिला नाही. आत खोलीत सोनी मॅडम सरांशी हिंदीत आणि सर मॅडमशी मराठीत बोलत असलेले ऐकू येत होते.

पुढच्या तीन आठवड्यांत चमत्कार झाला नाही. मॅडम त्याला अडखळणं लपवू देत नव्हत्या. "अटको, पर अटक के भागो मत." तो मोबाइलवर स्वतःचा आवाज टेप करायचा, ऐकायचा आणि शिव्या द्यायचा, हिंदीत, अस्खलित. मी त्याच्यासमोर बसून मराठी बोलायची. घरी मी अजून गप्पच होते. गहू निवडून झाला, ऊन दाखवून झालं, आईनं दाण्यांना एरंडेल चोळून कोठ्या भरल्या, कडुलिंबाची पानं घातली. घरभर त्या तेलाचा जड वास. निकालाला दोन आठवडे उरले.

सत्काराचा हॉल बडा गणपतीजवळ होता. संध्याकाळची वेळ, तरी भिंती तापलेल्या. चार मोठे कूलर, त्यांच्यासमोरच्या रांगा आधी भरलेल्या. मी आणि सोनी मॅडम मागे बसलो. सर व्यासपीठावर, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. दोन-तीन भाषणं झाली. मग ओंकारचं नाव पुकारलं.

माइक त्यानं सराईतपणे धरला. "नमस्कार," म्हणाला आणि अडला. "म... म... म..." हॉलमधली कुजबुज थांबली. कूलरचा आवाज एकदम मोठा झाला. मागून कुणीतरी, त्याचा मित्रच असणार, मायेनं ओरडला, "हिंदी में बोल दे भिया, सब अपने ही हैं!" लोक हसले. सुटायला दार उघडलं होतं. ओंकारनं त्या दिशेला पाहिलं आणि मान हलवली.

"नाही. म... मराठीतच. टाइम लागेल."

आणि त्यानं खरोखर वेळ घेतला. "मी पाच वर्षांचा होतो. बाबांना म्हटलं, मला भूक लागून राहिली. बाबा म्हणाले, भूक लागली आहे, असं म्हण, मग वाढतो. मी तीनदा चुकलो." लोक हसले. "चौथ्यांदा ब... बरोबर म्हटलं. पण तेव्हा भूक गेली होती." हसणं अर्ध्यात विरलं. सरांचे ओठ हलत होते. मुलाचा प्रत्येक शब्द ते आवाज न करता आधी म्हणत होते. "तरी पण," ओंकार म्हणाला, "रात्री झोपताना तेच बाबा गोष्ट सांगायचे. तेव्हा मी काही ब... ब... बोलायचो नाही, फक्त ऐकायचो. मला म... मराठी तेव्हा फार आवडायची. मला ती प... प..."

इथे तो खरा अडला. आधीचं अडखळणं याच्यापुढे काहीच नव्हतं. चेहरा लाल झाला. सर खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचं तोंड उघडलं. तो शब्द त्यांच्या जिभेवर होता, मला दिसत होता. हॉलमधल्या प्रत्येकाला दिसत होता. ते तसेच वाकलेले राहिले, एका हातात नारळ घट्ट धरून. आणि मग त्यांनी तोंड मिटलं आणि खाली बसले.

"परत पाहिजे," ओंकार म्हणाला. "मला ती परत पाहिजे." आणि तो व्यासपीठावरून उतरला.

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. सर उत्तराला उठले. त्यांचं भाषण तासभर चालेल, असं सगळे आधीपासून गमतीनं म्हणत होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी त्याच्या चुका मोजत होतो," ते म्हणाले. "जुनी सवय. मधेच कुठेतरी मोजायचं राहून गेलं." पस्तीस वर्षं बोलत आलेला माणूस माइकसमोर नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कोठ्यांची झाकणं पुसत होती. मी म्हटलं, "आई, मी प्रॅक्टिकल पूर्ण दिलंच नाही. अर्ध्यातून उठून आले. निकालात नापास येईन."

सिनेमात अशा वेळी आई जवळ घेते. माझी आई संतापली. "महिनाभर? महिनाभर तू माझ्यासमोर बसून खोटं बोललीस? बाबांनी सगळ्या मोहल्ल्याला सांगून ठेवलंय!" तिनं फडकं फेकलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. खारीपाशी आले तेव्हा तिनं फेकलेलं फडकं उचललं. पुसलेलंच झाकण पुन्हा पुसत म्हणाली, "पुण्याच्या लग्नांत मी कोपऱ्यात का बसते, तुला काय वाटलं? दर वेळी डोकं दुखतं माझं?"

"मग तू कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? की आपल्याच लोकांची भीती वाटते?"

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस मी कधीच विसरणार नाही. जेवणाच्या ताटावर आमटीसुद्धा ते आईमार्फत मागत. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून डोकं न काढता त्यांनी विचारलं, "परत कधी आहे परीक्षा?" मग म्हणाले, "मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असावं, पण त्यांनी तिकीट काढून आणलं.

आजही माझ्याकडे अशी मुलं येतात, बावीस-तेवीस-चोवीस वर्षांची. कुणाला पुण्यात नोकरी लागलेली असते, कुणी पुण्याहून परत आलेलं असतं. घशाची तपासणी झालेली असते, घसा नीट असतो. त्यांचे आईवडील विचारतात, "हिला दोन भाषा येतात, मग अडचण कसली?" मी त्यांना समजावते, पण दर वेळी समजावता येतंच असं नाही. दोन भाषा येणं ही अडचण नसते. दोन्हीकडे रोज स्वतःला सिद्ध करायला लागणं, हे अंगावर येतं. ते छातीत बसतं, झोपेत बसतं आणि एखाद्या दिवशी साध्याशा शब्दापाशी येऊन दार लावून घेतं. ओंकार अजून अडखळतो. मीही बरी झालेय असं म्हणणार नाही. कधी कधी अजून कानांत ती घरघर होते, तेव्हा मी बसून घेते आणि ती जाईपर्यंत थांबते.

त्या वर्षीची पुरवणी परीक्षा जूनच्या शेवटी होती. तीच खोली, त्याच परीक्षक बाई. मला पाहून त्यांना आठवलं असावं, त्यांनी नजर कागदांवर वळवली. मी बसायच्या आधीच बोलले, कारण बसले असते तर बोलले नसते.

"मॅडम, मी इंदूरची आहे. माझ्या बोलण्यात हिंदी येते. घाबरले की माझा आवाज जातो. तसं झालं तर मी थांबेन, पण या वेळी उठून जाणार नाही. मला थोडा जास्त वेळ लागेल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. "घ्या," म्हणाल्या.

मुलाला आत आणलं. सहा वर्षांचा असेल, कोपरावर खरचटलेलं, शर्टाचं वरचं बटण लागलेलं. खुर्चीत बसून तो जमिनीकडे बघत राहिला.

"तुझं नाव काय?" मी विचारलं.

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. परीक्षक बाई किंचित पुढे झुकल्या. बहुतेक त्या काही सुचवणार होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी कार्डं पालथी ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि त्याच्या नावाची वाट बघत बसले.